हातावरचा ताल : टाळी, खाली आणि आवर्तन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर गेली काही वर्षे आम्ही शनिवारी संध्याकाळी तालाचा वर्ग घेतो. तबला शिकवणारा हा वर्ग नव्हे. गाणाऱ्यांनी, सतार-बासरी वाजवणाऱ्यांनी आणि नुसते ऐकायला येणाऱ्यांनीही हातावर ताल धरायला शिकावे, एवढाच त्याचा हेतू आहे. तिथे दर वर्षी नव्या माणसांकडून तेच प्रश्न येतात. त्यांपैकी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

लय आणि ताल हे शब्द एकाच अर्थाने वापरलेले ऐकू येतात. त्यांत फरक आहे का?

आहे. मात्रा म्हणजे मोजणीचा एक ठोका. लय म्हणजे दोन मात्रांमधले अंतर सारखे राखत पुढे जाणारी गती, तर ताल म्हणजे त्या मात्रांची ठरावीक संख्येत केलेली, विभागांत वाटलेली आणि पुन्हा पुन्हा पहिल्या मात्रेवर परतणारी बांधणी. मालगाडी पुलावरून जाताना चाकांचा जो ठोका ऐकू येतो त्याला लय असते, पण ताल नसतो, कारण त्यातला कोणताही ठोका पहिला नसतो. गणेशोत्सवात आरतीला आपण ज्या टाळ्या वाजवतो त्याही लयीच्याच टाळ्या असतात, म्हणजे प्रत्येक ठोक्याला एक आणि सगळ्या सारख्या वजनाच्या. तालाची टाळी ही जागा दाखवणारी खूण आहे आणि ती प्रत्येक मात्रेवर पडत नाही. सोळा मात्रांच्या त्रितालात ती अवघी तीनदा पडते. मुंबईत वाढलेल्या मुलाला लय सहसा शिकवावी लागत नाही. शिकवावे लागते ते टाळी न वाजवता थांबणे.

त्रिताल हातावर कसा द्यायचा?

त्रितालाच्या १६ मात्रा चार-चार मात्रांच्या चार विभागांत वाटलेल्या आहेत. पहिल्या मात्रेला सम म्हणतात आणि तिथे पहिली टाळी पडते; दुसरी टाळी पाचव्या मात्रेवर आणि तिसरी तेराव्या मात्रेवर. नवव्या मात्रेवर टाळी न देता उजवा हात तळवा वर करून बाजूला न्यायचा. हीच खाली; जुन्या वळणाच्या मराठी शिक्षकांच्या तोंडी तिच्यासाठी ‘काल’ हा शब्दही असतो. प्रत्येक विभागातल्या उरलेल्या तीन मात्रा करंगळी, अनामिका आणि मधले बोट यांना क्रमाने अंगठा लावून मोजाव्यात, म्हणजे हात मध्येच रिकामा राहत नाही. समेपासून निघून पुन्हा समेपर्यंत पोहोचले की एक आवर्तन पुरे होते.

हाताबरोबर तोंडाने ठेक्याचे, म्हणजे तबल्यावर त्या तालाच्या प्रत्येक मात्रेला ठरलेले, बोल म्हणावेत : धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. ‘एक, दोन, तीन’ असे आकडे मोजणे सोपे वाटते, पण त्यात एक खोच आहे. मराठीत एक ते आठ हे आकडे, सहाचा अपवाद सोडला तर, एका झटक्यात उच्चारता येतात आणि नवापासून पुढचे सगळे आकडे दोन झटके घेतात. त्यामुळे मोठ्याने आकडे मोजणारा माणूस आवर्तनाच्या उत्तरार्धात हमखास रेंगाळतो. शिवाय आकड्यांना स्वतःचा नाद नसतो. चौदावी मात्रा ‘चौदा’ म्हणून कानात राहत नाही, ‘ता’च्या पाठोपाठ परत आलेला ‘धिं’ म्हणून राहते.

खालीवर काहीच वाजत नाही का? मग तिचा उपयोग काय?

नाव फसवे आहे. खालीच्या मात्रेवर तबला थांबत नाही. डग्ग्याचा घुमारा तेवढा मागे घेतला जातो. धा, धिं, धी हे बोल उजव्या हाताचा तबला आणि डाव्या हाताचा डग्गा यांच्या एकत्र आघाताने निघतात, तर ता, तिं, ती, ना हे एकट्या तबल्याचे बोल आहेत. डग्गा गप्प झाला की नाद एकदम हलका होतो आणि आवर्तन मध्यावर आल्याचे कानाला कळते. त्रितालाचे चारही विभाग सारख्याच लांबीचे असल्यामुळे खाली नसती, तर चार मात्रांचाच एक छोटा ताल चार वेळा वाजल्यासारखे झाले असते. सोळा मात्रांचे एकसंध आवर्तन घडते ते या एका वजाबाकीमुळे, आणि म्हणूनच आमच्या वर्गात समेच्या आधी खाली शिकवली जाते.

येथे एक बारीक गोष्ट आहे, जी अनेक वर्षे ऐकणाऱ्यांच्याही लक्षात आलेली नसते. वर दिलेल्या प्रचलित ठेक्यात नवव्या मात्रेवर ‘धा’ आहे, म्हणजे हात खाली दाखवत असताना डग्गा घुमतच असतो. तो मागे सरतो दहाव्या मात्रेपासून. पुढे तेराव्या मात्रेवर हाताची टाळी पडते, पण बोल ‘ता’ आहे, म्हणून डग्गा अजूनही गप्प. तो परततो चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’वर. म्हणजे हाताची खाली नऊ ते बारा आणि डग्ग्याची खाली दहा ते तेरा. काही पुस्तकांत नवव्या मात्रेवरही ‘ता’ लिहिलेला आढळतो, त्यामुळे नवशिका गोंधळतो; दोन्ही रूपे चालतात. महत्त्वाचे हे की, डोळे मिटून चौदाव्या मात्रेवरचे डग्ग्याचे पुनरागमन ओळखता आले तर सम येणार असल्याची वर्दी तीन मात्रा आधीच मिळते.

हाताने ताल देण्याची पद्धत किती जुनी आहे?

फार जुनी. भरताच्या नाट्यशास्त्रात हाताच्या क्रियांचे सशब्द आणि निःशब्द असे दोन वर्ग सांगितले आहेत. ध्रुव, शम्या, ताल आणि संनिपात या आवाज करणाऱ्या क्रिया, तर आवाप, निष्क्राम, विक्षेप आणि प्रवेश या आवाज न करणाऱ्या. आजची टाळी आणि आजची खाली यांच्या हुबेहूब खुणा तिथे सापडणार नाहीत, परंतु काळ मोजताना आवाजाइतकेच मौनालाही स्थान द्यायचे, ही कल्पना तिथे स्पष्ट आहे. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात तालाची सविस्तर चर्चा केली, आणि तो ग्रंथ देवगिरीच्या यादवांच्या, म्हणजे राजा सिंघणाच्या, आश्रयाने लिहिला गेला; हे सांगितले की वर्गातली माणसे जरा ताठ बसतात.

एकतालात हात एक सांगतो आणि तबला दुसरेच सांगतो, असे का वाटते?

कारण तसेच आहे, आणि हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी नीट ऐकतो आहे असे समजावे. एकतालाच्या १२ मात्रा दोन-दोनच्या सहा विभागांत आहेत. टाळ्या पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर, तर खाली तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. ठेका असा : धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. आता ताडून पाहा. तिसऱ्या मात्रेवर हात खाली दाखवतो आणि नेमका तिथे ‘धागे’ हा डग्ग्याचा भरदार बोल आहे. पाचव्या मात्रेवर हाताची टाळी पडते आणि तबल्यावर ‘तू ना’, म्हणजे डग्गा गप्प.

हाताची ही मांडणी पखवाजावरच्या चौतालाची आहे. चौतालाच्या मात्रा, टाळ्या आणि खाली अगदी याच जागी आहेत. ठेक्याची चाल मात्र वेगळी आहे. कानाला एकताल चार-चार मात्रांच्या तीन तुकड्यांत ऐकू येतो : पहिल्या चार मात्रा भरीव, पाच ते आठ हलक्या, नऊ ते बारा पुन्हा भरीव. हात आणि ठेका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच आवर्तनाची दोन वर्णने म्हणून त्या एकत्र नांदतात, हे एकतालात जितके उघड दिसते तितके त्रितालात दिसत नाही. तालाच्या नावावरही विसंबू नये. त्रितालात तीन टाळ्या आणि चौतालात चार हे जमते, पण एकतालातही टाळ्या चारच आहेत.

गाणाऱ्यांना या ठेक्यात सर्वांत जास्त फसवतो तो दोनदा येणारा ‘धागे तिरकिट’. तो तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर येतो आणि नवव्या-दहाव्या मात्रेवरही येतो. पहिल्याच्या पाठोपाठ ‘तू ना’ असते, दुसऱ्याच्या पाठोपाठ ‘धी ना’ आणि लगेच सम. हे लक्षात न ठेवल्यामुळे पहिल्याच ‘तिरकिट’ला मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलून सहा मात्रा आधी समेची वाट पाहणारे गायक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांत एकदा आम्ही स्वतःही होतो.

रूपक तालात समेलाच खाली कशी?

रूपकाच्या ७ मात्रा तीन, दोन, दोन अशा वाटलेल्या आहेत आणि ठेका आहे ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या मात्रेवर खाली, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर टाळी. आवर्तनाची सुरुवात हलक्या बाजूने होते आणि भार पुढच्या दोन विभागांत पडतो, त्यामुळे समेवर येणे म्हणजे ठोसा मारणे नसून अलगद उतरणे असते. पखवाजाचा तीव्रा हा तालही तीन, दोन, दोन असाच सात मात्रांचा आहे, मात्र त्यात समेवर टाळी आहे आणि खाली नाहीच. एकामागून एक दोन्ही हातावर देऊन पाहिले, तर एकाच हिशेबातून दोन निराळे स्वभाव कसे निघतात ते समजते.

मात्रा सारख्या असताना ताल वेगळे कसे ठरतात?

रक्कम तीच आणि वाटणी वेगळी, म्हणून. चौदा मात्रांचे उदाहरण घ्यावे. धमारात त्या पाच, दोन, तीन, चार अशा आहेत, टाळ्या १, ६ आणि ११ वर, खाली ८ वर. झुमरा आणि दीपचंदी या दोन्हींत वाटणी तीन, चार, तीन, चार अशी आहे, टाळ्या १, ४ आणि ११ वर, खाली ८ वर. हातावर दोन्ही सारखेच, पण झुमरा विलंबित ख्यालासाठी आणि दीपचंदी ठुमरी-होरीसाठी, आणि ठेक्याचे बोल ऐकताच दोघांची जात कळते. आडा चौताल हाही चौदा मात्रांचाच, मात्र दोन-दोनच्या सात विभागांचा. त्रिताल आणि तिलवाडा यांचे नाते झुमरा-दीपचंदीसारखेच आहे : हात एक, ठेका वेगळा.

सुरुवातीला कोणते ताल शिकावेत?

त्रिताल, मग झपताल, मग दादरा आणि केरवा, त्यानंतर एकताल आणि रूपक. झपताल लवकर शिकावा असे आमचे मत आहे, कारण त्याच्या १० मात्रा दोन, तीन, दोन, तीन अशा असमान आहेत आणि सारख्या विभागांची सवय हाडात मुरण्यापूर्वीच ती मोडलेली बरी. त्याचा ठेका धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. टाळ्या १, ३, ८ वर आणि खाली ६ वर, आणि त्यात हाताची खाली व डग्ग्याची खाली एकाच मात्रेवर सुरू होतात. दादरा सहा मात्रांचा, टाळी १ वर आणि खाली ४ वर. केरवा आठ मात्रांचा, टाळी १ वर आणि खाली ५ वर. हे दोन्ही कानात आधीपासूनच असतात, हाताला फक्त नाव सांगायचे असते.

एका पुस्तकात समेला फुली असते आणि दुसऱ्यात ‘१’. कोणते बरोबर?

दोन्ही. विष्णु नारायण भातखंडे यांच्या लेखनपद्धतीत समेला ×, खालीला ० आणि पुढच्या टाळ्यांना २, ३, ४ असे क्रमांक दिले जातात. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या पद्धतीत समेला १, खालीला + आणि बाकीच्या टाळ्यांना त्या त्या मात्रेचा क्रमांक लिहिला जातो. म्हणजे त्रितालातली दुसरी टाळी भातखंडे पद्धतीत ‘२’ आणि पलुसकर पद्धतीत ‘५’. एका पुस्तकातली फुली सम असते आणि दुसऱ्यातले तिच्यासारखेच दिसणारे चिन्ह खाली असते, एवढे ध्यानात ठेवले तर घोटाळा होत नाही. भातखंडे यांचा जन्म १८६० साली वाळकेश्वरचा, आणि पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयाची शाखा १९०८ साली मुंबईत उघडली; त्यामुळे या शहरातल्या जुन्या वह्यांत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी, कधी कधी एकाच पानावर, सापडतात.

ख्याल गाणारे हातावर ताल देत नाहीत, पण माटुंग्याच्या कर्नाटक संगीताच्या मैफलीत गायक आणि श्रोतेही मांडीवर ताल देतात. असे का?

याचे उत्तर साथीच्या पद्धतीत आहे. ख्यालात तबलजी ठेका धरून ठेवतो, आणि प्रत्येक मात्रेला ठरलेला बोल असल्यामुळे नुसते ऐकून आपण कुठे आहोत हे कळू शकते. ताल मोजण्याची जबाबदारी हातावरून ठेक्यावर गेली आणि गायकाचा हात स्वर दाखवायला मोकळा झाला. कर्नाटक पद्धतीत मृदंगम् असा ठरलेला ठेका वाजवत नाही, तो गाण्याच्या अंगाने वाजतो. म्हणून मोजण्याचे काम हातानेच करावे लागते. आदितालाच्या आठ अक्षरांत, म्हणजे मात्रांत, एक टाळी आणि तीन बोटे, मग टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा, अशी क्रिया असते. तिथला हा उलटा हात आपल्या खालीसारखा दिसतो, पण त्याला आपल्या खालीचा अर्थ नाही.

आपल्याकडेही ध्रुपदात हात दिसतोच. तिथे पखावजी गायकाशी बरोबरीने खेळतो, ठेका सोडून लांबवर जातो, आणि अशा वेळी दोघांनाही बांधून ठेवतो तो गायकाचा हात. ख्याल गायक उघडपणे ताल देत नसला तरी त्याने तो कधी शिकलाच नसावा असे समजू नये. नीट पाहिले तर तानपुऱ्याच्या आडून एखादे बोट हलत असते. आग्रा घराण्याच्या तालमीत तर लयीशी चाललेला झगडा हाच गाण्याचा मोठा भाग आहे, आणि तो ठेक्याकडे कान लावून उधारीवर करता येत नाही.

विलंबित ख्यालात मात्रा मोजताच येत नाहीत. काय करावे?

प्रथम आकडे पाहावेत. अतिविलंबित एकतालात एका मात्रेला चार ते पाच सेकंद लागतात, म्हणजे १२ मात्रांचे आवर्तन ४८ ते ६० सेकंदांचे होते. मध्य लयीत मात्रा साधारण सेकंदाची असते. द्रुत त्रितालात १६ मात्रा तीन-चार सेकंदांत संपतात. पाच सेकंदांचे अंतर सारखे राखणे माणसाच्या मनाला जवळपास अशक्य आहे, आणि म्हणून कोणीही तसे राखत नाही. प्रत्येक मात्रेचे मनात चार भाग केले जातात, आणि याच अर्थाने संगीतकार ‘४८ मात्रांचा एकताल’ असा शब्दप्रयोग करतात. तबलजीही दोन बोलांमधली जागा हलक्या भरणीने भरत असतो. त्या भरणीकडे लक्ष दिले की मोजणे सुटते आणि ऐकणे सुरू होते.

अतिविलंबित लय आणि झुमरा यांच्याशी इंदूरच्या अमीर खाँ (१९१२–१९७४) यांचे नाव जोडलेले आहे. जयपूर-अत्रौली घराण्यात मात्र विलंबित त्रिताल त्यामानाने चालता असतो, आणि स्वर व मात्रा यांची गुंफण इतकी घट्ट असते की नवख्या श्रोत्यालाही आवर्तनाचा घेर जाणवतो. मुंबईतल्या श्रोत्याने केसरबाई केरकर किंवा किशोरी आमोणकर यांच्या ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करावी आणि अमीर खाँकडे नंतर वळावे, हा आमचा सल्ला आहे. उलट क्रमाने गेलेले बहुतेक जण दुसऱ्या आवर्तनातच हात खाली ठेवतात.

सम ही पहिली मात्रा असेल, तर बंदिश समेपासून सुरू का होत नाही?

कारण सम ही मोजणीत पहिली असली तरी अनुभवात शेवटची असते. बहुतेक बंदिशींचा मुखडा समेच्या काही मात्रा आधी उचलला जातो. त्रितालातल्या मध्यलय-द्रुत बंदिशी पुष्कळदा खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, सुरू होतात. विलंबित एकतालात मुखडा बहुधा अकराव्या-बाराव्या मात्रेच्या आसपास घेतात. मुखड्यातले वजनदार अक्षर समेवर पडते. आवर्तनाला ‘एक ते सोळा’ असे समजणारा विद्यार्थी समेवर सुरुवात शोधत बसतो. ‘दोन ते सोळा आणि मग एक’ असे समजून पाहिले, तर गाणे कुठे निघाले आहे ते उमगते.

काही वेळा कलावंत मुद्दाम समेच्या किंचित आधी किंवा किंचित नंतर येतो. त्याला अनागत आणि अतीत म्हणतात. चूक आणि अतीत यांतला फरक पुढच्या आवर्तनात कळतो : चुकलेला माणूस घाई करतो.

दुगुन, तिगुन आणि आड कुठून सुरू करायची, हे पाठ करावे लागते का?

पाठ करण्याऐवजी भागाकार करावा. एका आवर्तनात ठेका एकदाच दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणून समेवर यायचे असेल, तर त्याला अर्धे आवर्तन लागते. म्हणून त्रितालात नवव्या मात्रेपासून आणि झपतालात सहाव्या मात्रेपासून उचलावे. चौगुनीला पाव आवर्तन पुरते, म्हणजे त्रितालात तेराव्या मात्रेपासून. तिगुन एकतालात सोपी आहे, कारण बाराचा तिसरा हिस्सा चार, म्हणून नवव्या मात्रेपासून. त्रितालाच्या तिगुनीला मात्र ५⅓ मात्रा लागतात आणि त्यामुळे १०⅔ मात्रा झाल्यावर, अकराव्या मात्रेच्या पोटातच, सुरुवात करावी लागते. परीक्षेत हा प्रश्न आवडीने विचारला जातो.

दीडपट लय ती आड, सव्वापट ती कुआड आणि पावणेदोनपट ती बिआड, अशी सर्वसाधारण व्याख्या आहे. ज्यांच्या आजोबांनी पावकी, निमकी, सवायकी आणि दिडकी (पाव, अर्धा, सव्वा आणि दीड यांचे पाढे) घोकली होती त्यांना हे परके वाटू नये. आमच्या वर्गात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. त्यांना आडीची लय महिनाभर जमत नव्हती. शेवटी ‘दोन मात्रांत तीन’ हे सूत्र सोडून त्यांनी हातावर दोन टाळ्या आणि तोंडाने दिडकी म्हणायला सुरुवात केली आणि आठवडाभरात प्रश्न सुटला.

तिहाई ऐकताना ती समेवर येणार हे जाणकारांना आधीच कसे कळते?

तिहाईत एकच तुकडा तीन वेळा येतो आणि तिसऱ्याचे शेवटचे अक्षर समेवर पडते. त्यामुळे पहिला तुकडा आणि त्यानंतरचा थांबा ऐकला की उरलेला हिशेब ठरलेलाच असतो. त्रितालात समेपासून पुढच्या समेपर्यंत, दोन्ही सम धरून, १७ मात्रा होतात. पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये एक-एक मात्रेचा थांबा दोनदा, म्हणजे १५ अधिक २. थांबा असलेली ती दमदार तिहाई. खालीपासून समेपर्यंत नऊ मात्रा होतात. तिथे तीन मात्रांचा तुकडा तीनदा, न थांबता, म्हणजे बेदम तिहाई. झपतालात समेपासून समेपर्यंत ११, म्हणजे तीन मात्रांचा तुकडा तीनदा आणि एक-एक मात्रेचे दोन थांबे. ही तीन गणिते हातावर बसली की मैफलीत डोके आपोआप समेवर हलू लागते.

तबला शिकायचा नाही, तरी बोल तोंडपाठ करायला का सांगतात?

कारण ताल आधी तोंडात असतो आणि मग हातात येतो. बोल म्हणण्याला पढंत म्हणतात आणि या शहरात तिची परंपरा मोठी आहे. मुनीर खाँ, त्यांचे भाचे अमीर हुसेन खाँ आणि शिष्य अहमदजान थिरकवा यांच्यामुळे मुंबई तबल्याचे एक केंद्र बनली. थिरकवा खाँसाहेबांनी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना केलेली साथ तर मराठी रसिकांच्या कित्येक पिढ्यांच्या आठवणीत राहिली. माहीमला जन्मलेले झाकीर हुसेन (१९५१–२०२४) सांगत असत की, जन्मानंतर वडिलांनी, म्हणजे अल्लारखाँ यांनी, त्यांच्या कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले होते.

लोकलमधल्या भजनी मंडळाबरोबर टाळ्या वाजवून ताल शिकता येईल का?

लय पक्की होईल, आणि तेही कमी नाही. सकाळच्या गाडीत डब्याच्या कोपऱ्यात टाळ आणि ढोलकी घेऊन उभ्या असलेल्या मंडळींचा भजनी ठेका आठ मात्रांचा असतो, आणि गर्दीतही त्यांची लय ढळत नाही. पण तिथे टाळ प्रत्येक ठोक्याला वाजतो आणि खाली दिसत नाही. ज्याला ताल शिकायचा आहे त्याने त्याच भजनात पहिल्या मात्रेवर टाळी आणि पाचव्या मात्रेवर हात खाली, असे मनातल्या मनात देऊन पाहावे. गर्दीत हात बाजूला नेण्याची सोय नसतेच.

मैफलीत श्रोत्यांनी ठेक्याबरोबर टाळ्या वाजवाव्यात का?

वाजवू नयेत. मांडीवर बोटाने ताल द्यावा, समेवर मान हलवावी, दाद द्यावी. दोनशे माणसांची प्रत्येक मात्रेवरची टाळी मागच्या रांगांतून उशिरा पोहोचते आणि लय ओढत नेते. कलावंतानेच टाळ्यांसाठी खुणावले तर गोष्ट निराळी, पण त्या क्षणी ताल थांबून लय उरते, हे आम्हाला तरी खटकते.

मोबाइलवरचे तबल्याचे ॲप लावून सराव केला तर चालेल का?

चालेल, मुंबईच्या घरांत रोज तबलजी कुठून आणायचा? मात्र ॲप स्वतःहून कधीच चुकत नाही आणि पडद्यावर मात्रेचा आकडाही दाखवते, त्यामुळे डोळे ताल मोजतात आणि कान आळशी होतात. पडदा उलटा ठेवावा. मग आवाज एका आवर्तनापुरता बंद करावा, हातावर ताल चालू ठेवावा, आणि आवाज पुन्हा सुरू केल्यावर आपण समेवर आहोत का ते पाहावे. सुरुवातीला मध्य लयीच्या झपतालातही मात्रा-दोन मात्रांचा फरक पडतो. तो कशामुळे पडला हेही पाहावे : बहुतेकांची लय मोकळ्या जागेत वाढते, फारच थोड्यांची उतरते.

गाताना ताल सुटला तर पुन्हा कसा पकडावा?

आवाज बंद न करता ‘आ’काराने एखादा स्वर धरून ठेवावा आणि शब्द सोडून द्यावेत; शब्द चालू राहिले तर चुकीची जागा अधिकच ठसते. तबलजीच्या उजव्या हाताकडे पाहू नये. डग्ग्याकडे कान द्यावा. त्रितालात तो गप्प होऊन परत आला की तीन मात्रांनी सम आहे, झपतालात तो आठव्या मात्रेच्या ‘धी’वर परततो, म्हणजे त्यानंतर दोन मात्रा आणि मग सम, एकतालात ‘कत् ता’ ऐकू आल्यावर दुसरा ‘धागे तिरकिट’ आणि ‘धी ना’ एवढेच उरलेले असते. तरीही सापडले नाही तर एक आवर्तन जाऊ द्यावे. चांगला तबलजी समेच्या आधी एखादा ओळखीचा तुकडा वाजवून वाट दाखवतो, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याविषयी अवाक्षर काढत नाही.